हाडांचा हिशेब मांडणारे डॉक्टर : फुलर ऑलब्राइट



शाळेच्या आरोग्य तपासणीत दरवर्षी मुलांची उंची आणि वजन मोजून कार्डावर लिहिले जाते. मोजपट्टीखाली उभे राहताना हळूच टाचा उचलणारे काही वीर प्रत्येक वर्गात असतातच! पण उंचीचा हा आकडा कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवण्यासाठी नसतो. हाडे नीट वाढत आहेत का, हे त्यावरून समजते. एवढेच नव्हे, तर पोटात पाठीच्या बाजूला असलेली दोन मूत्रपिंडे आपले काम नीट करीत आहेत का, याचाही कधीकधी त्यावरून अंदाज येतो.

हाडांचा आणि मूत्रपिंडांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. शंभर वर्षांपूर्वी पुष्कळ डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडला असता. हा संबंध ज्यांनी आयुष्यभर मोजून आणि तोलून उलगडत नेला, त्या डॉ. फुलर ऑलब्राइट यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

फुलर ऑलब्राइट यांचा जन्म १२ जानेवारी १९०० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बफेलो या शहरात झाला. आपण ज्या दिवशी जिजामाता आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती साजरी करतो, तोच हा दिवस. वडील जॉन ऑलब्राइट मोठे उद्योगपती होते. शहराला कलादालनाची भव्य इमारत त्यांनीच दिली. आईचे माहेरचे आडनाव फुलर. तेच मुलाचे नाव झाले.

घरात कशाची उणीव नव्हती. वडिलांचा व्यवसाय सांभाळून सुखात राहता आले असते. पण फुलर यांनी वैद्यकाची वाट धरली. हार्वर्ड विद्यापीठातून १९२४ साली ते डॉक्टर झाले आणि बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. पुढे काही काळ ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात होते. १९२८-२९ मध्ये ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञांकडे शिकायला गेले. मृत्यूनंतर हाडांची आणि ग्रंथींची बारकाईने तपासणी करून रोगाचे मूळ शोधण्यात एर्डहाइम यांचा हातखंडा होता. तेथून परतल्यावर ऑलब्राइट बोस्टनच्या रुग्णालयात आले ते कायमचेच.

हाड कसे वाढते?

ऑलब्राइट यांचे काम समजण्यासाठी आधी हाडाची थोडी माहिती घेऊ.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिथे नवी कूर्चा तयार होते आणि तिच्यात कॅल्शियम व फॉस्फरस ही खनिजे बसून तिचे टणक हाड बनते. बांधकामाची उपमा घ्यायची तर कूर्चा म्हणजे सळ्यांचा सांगाडा आणि खनिजे म्हणजे त्यात ओतलेले काँक्रीट. सांगाडा उभा राहिला, पण काँक्रीट आलेच नाही, तर वजनाने तो वाकणारच. मुलांमध्ये असे झाले की पाय धनुष्यासारखे वाकतात किंवा गुडघे एकमेकांवर घासू लागतात, मनगटे जाड दिसतात, उंची खुंटते. या रोगाला आपल्याकडे मुडदूस म्हणतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतील धुराने काळवंडलेल्या शहरांत मुडदुसाने हजारो मुले ग्रासली होती. १९२० च्या दशकात असे सिद्ध झाले, की सूर्यप्रकाशाने किंवा कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने हा रोग टळतो आणि बराही होतो. तेलातल्या त्या गुणकारी द्रव्याला ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. आता मुडदुसाचा प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटू लागले.

पण काही मुले तेल पिऊनही आणि उन्हात बसूनही बरी होत नव्हती. अशा वेळी दोष बहुधा आईला लागे. तिने औषध वेळेवर दिले नसेल, मुलाला घरात कोंडून ठेवले असेल, असे म्हटले जाई. ऑलब्राइट यांनी या मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. औषध देऊनही रोग हटत नसेल, तर रोगच निराळा असला पाहिजे, असे त्यांनी धरले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामाचे सार या एका विचारात आहे.

आत किती गेले, बाहेर किती आले

बोस्टनच्या रुग्णालयात वॉर्ड ४ नावाचा एक लहानसा विभाग होता. खाटा जेमतेम दहा. येथे रुग्णांवर उपचार होत, तसाच त्यांच्या रोगांचा अभ्यासही होई. रुग्णाला दिलेला प्रत्येक घास तोलून दिला जाई. त्याची लघवी आणि शौच साठवून प्रयोगशाळेत पाठवले जाई. शरीरात कॅल्शियम किती गेले आणि बाहेर किती आले, फॉस्फरस किती गेला आणि किती आला, याचा दिवसेंदिवस जमाखर्च मांडला जाई. दुकानदार रात्री गल्ला मोजतो तसेच हे काम, पण ते आठवडेच्या आठवडे चाले. काही तरी मोजा, हा ऑलब्राइट यांचा तरुण डॉक्टरांना नेहमीचा सल्ला असे.

मानेत अवटू ग्रंथीच्या मागे परावटू नावाच्या चार लहान ग्रंथी असतात. प्रत्येकीचा आकार साधारण तुरीच्या दाण्याएवढा. त्यांचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तातील कॅल्शियम सांभाळते. ऑलब्राइट आणि त्यांचे मित्र रीड एल्सवर्थ यांनी रुग्णाला या ग्रंथींचा अर्क देऊन दाखवले, की त्याचा अगदी पहिला परिणाम मूत्रपिंडावर होतो आणि लघवीतून जास्त फॉस्फरस जाऊ लागतो. हाडाच्या कारभारात मूत्रपिंडाचा हात आहे, हे येथे आकड्यांनी दिसले.

याच वॉर्डात चार्ल्स मार्टेल नावाचे एक जहाजाचे कप्तान होते. त्यांची एक परावटू ग्रंथी फाजील वाढली होती. ती हाडांतले कॅल्शियम उपसून रक्तात आणत होती. हाडे इतकी पोकळ झाली, की सहा फुटांहून उंच असलेला हा माणूस सुमारे सात इंचांनी खुजा झाला आणि त्याच्या मूत्रपिंडांत खडे साठले. ती ग्रंथी मानेत सापडेना. कप्तानांनी स्वतः शरीररचनेची पुस्तके वाचली आणि छातीत शोध घ्या असा आग्रह धरला. १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत गाठ छातीतच सापडली. पण तोवर मूत्रपिंडे निकामी होत आली होती आणि काही आठवड्यांतच त्यांचा मृत्यू झाला. हाडांचा रोग मूत्रपिंड कसे बिघडवतो, हे या रुग्णाने सर्वांना शिकवले. उलट बाजूने, मूत्रपिंडाचा रोग हाडे कशी बिघडवतो, हे मुलांच्या अभ्यासातून कळायचे होते.

न हटणारा मुडदूस

१९३७ साली ऑलब्राइट यांनी ॲलन बटलर आणि एस्थर ब्लूमबर्ग यांच्यासह एका सोळा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. या मुलाला अगदी लहानपणापासून मुडदूस होता. नेहमीच्या प्रमाणातील ड जीवनसत्त्वाने काहीच फरक पडत नव्हता. त्याच्या रक्तात कॅल्शियम ठीक होते, पण फॉस्फरस फार कमी होता. नेहमीच्या कितीतरी पट मात्रा दिल्यावर हाडे सुधारू लागली. ड जीवनसत्त्वाला न जुमानणारा मुडदूस, असे या रोगाचे वर्णन त्यांनी केले. त्या मुलाला जीवनसत्त्व मिळत होते, पण शरीर त्याला दाद देत नव्हते.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एका विकाराचे वर्णन केले. त्यात अंगावर तपकिरी डाग असतात, हाडे ठिसूळ असतात आणि मुलींमध्ये वयाआधीच मोठेपणाची लक्षणे दिसू लागतात. अशा मुली आधी भराभर उंच होतात आणि मग त्यांची वाढ लवकर थांबते. डोनोवन मॅक्क्यून यांनीही स्वतंत्रपणे हाच विकार नोंदवला होता. म्हणून तो आज मॅक्क्यून-ऑलब्राइट या नावाने ओळखला जातो.

१९४२ साली एक वेगळाच प्रश्न समोर आला. काही मुले ठेंगणी असत, त्यांचे चेहरे गोल आणि हाताची काही बोटे आखूड असत. रक्तात कॅल्शियम कमी असल्याने त्यांना झटके येत. परावटू ग्रंथी काम करीत नसणार, असे वाटून ऑलब्राइट यांनी त्यांना तिचा अर्क टोचला आणि लघवीतला फॉस्फरस मोजला. तो वाढलाच नाही! हार्मोन बाहेरून देऊनही मूत्रपिंड त्याचे ऐकत नव्हते. त्या वेळी सीब्राइट बँटम नावाच्या जातीच्या कोंबड्याची त्यांना आठवण झाली. त्या नराला पिसे मादीसारखी असतात. नराचे हार्मोन असूनही पिसे त्याला दाद देत नसावीत, असे तेव्हा मानले जाई. म्हणून ऑलब्राइट यांनी या रोगाला त्या कोंबड्याचेच नाव दिले. पुढे कोंबड्याच्या पिसांचे कारण वेगळे निघाले, पण मूळ कल्पना खरी ठरली. शरीरात हार्मोन असूनही पेशी त्याला प्रतिसाद देत नाहीत, असे होऊ शकते, ही गोष्ट प्रथम त्यांनी मांडली. आज मधुमेहासारख्या रोगांबद्दल बोलतानाही डॉक्टर हीच कल्पना वापरतात.

मूत्रपिंडाचे दोन प्रकारचे बिघाड

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर. म्हणजे काम दोन टप्प्यांचे आहे. आधी गाळायचे आणि मग उपयोगाचे तेवढे परत घ्यायचे. गहू चाळणीतून चाळून घेतो आणि मग खडे निवडतो, तसेच हे. चाळणी बिघडू शकते, तशी निवडणारी बाईही आजारी पडू शकते.

१९४६ साली ऑलब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण दाखवले, ज्यांची चाळणी चांगली होती, पण पुढच्या नलिकांमध्ये दोष होता. त्यांच्या शरीरात तयार होणारे आम्ल लघवीतून नीट बाहेर पडत नव्हते. रक्त आम्लधर्मी होऊ लागले की शरीर हाडांतले क्षार वापरून ते सावरते. त्यामुळे हाडे मऊ होतात, मुलांची वाढ खुंटते आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साठते. अशा रुग्णांना ड जीवनसत्त्वाचे डोसावर डोस देण्यापेक्षा सोडियम सायट्रेटसारखा साधा अल्कलीचा क्षार द्यावा, हे या अभ्यासातून पुढे आले. आम्ल आवरले की हाड सावरते. रोग नेमका ओळखला, तर औषध किती साधे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

अतिरेकही तितकाच वाईट, हेही याच गटाने दाखवले. पोटातल्या व्रणासाठी वर्षानुवर्षे भरमसाट दूध आणि अल्कली घेणाऱ्या काही रुग्णांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळली. चार्ल्स बर्नेट, ऑलब्राइट आणि इतरांनी ही माहिती १९४९ साली प्रसिद्ध केली.

१९४८ साली एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्याबरोबर लिहिलेला परावटू ग्रंथी आणि हाडांचे रोग यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो.

स्वतःचा आजार

हे सारे वाचून डोळ्यांसमोर एखाद्या धडधाकट, उत्साही डॉक्टरांचे चित्र येईल. प्रत्यक्षात हे बहुतेक काम ऑलब्राइट यांनी थरथरत्या हातांनी केले.

वयाच्या छत्तिशीच्या आसपास त्यांना कंपवात जडला. हात थरथरू लागले, अंग ताठ होऊ लागले, बोलणे अस्पष्ट झाले. तेव्हा या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. पुढे त्यांना लिहिता येईना, कपडे घालायलाही मदत लागे. पत्नी क्लेअर आणि तरुण सहकारी त्यांचे हातपाय झाले. कोणी गाडी चालवी, कोणी त्यांचे शब्द कागदावर उतरवून घेई. पण मूतखड्याच्या रुग्णांसाठी त्यांनी चालवलेला दवाखाना सुरूच राहिला आणि रुग्ण तपासताना त्यांची विनोदबुद्धीही शाबूत राहिली. वर सांगितलेले १९४२, १९४६ आणि १९४८ चे काम या आजारातच झाले आहे, हे लक्षात घ्या.

श्रेयाबद्दल त्यांचे मन मोठे होते. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर हा तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आला होता. ऑलब्राइट यांनी त्याला अभ्यासाला विषय दिला आणि निबंध छापताना त्याचे नाव पहिले घातले. तो विकार आज क्लाइनफेल्टर यांच्याच नावाने जगभर ओळखला जातो.

१९५६ साली कंपवातावर मेंदूची एक नवी शस्त्रक्रिया होऊ लागली होती. तिच्यात धोका होता, पण ऑलब्राइट यांनी ती करून घ्यायचे ठरवले. एका बाजूची शस्त्रक्रिया ठीक झाली. दुसऱ्या बाजूच्या वेळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यानंतर ते कधीच बोलू शकले नाहीत. ज्या रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले, तेथेच ते तेरा वर्षे रुग्ण म्हणून पडून होते. ८ डिसेंबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

शास्त्रज्ञ जातो, पण त्याने विचारलेला प्रश्न मागे राहतो. ऑलब्राइट आजारी पडून होते त्याच काळात, १९५८ साली, त्यांचे जुने सहकारी बर्नेट आणि इतरांनी एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास केला. न हटणाऱ्या मुडदुसाचा एक प्रकार आनुवंशिक असून तो एक्स गुणसूत्रावरून पुढच्या पिढीत जातो, हे त्यांनी दाखवले. यातला मुख्य दोष असा, की मूत्रपिंडातून फॉस्फरस गळत राहतो. ऑलब्राइट यांनी १९३७ मध्ये दिलेले स्पष्टीकरण त्यामुळे बदलावे लागले. पण हा रोग निराळा आहे, हा त्यांचा निष्कर्ष पक्का राहिला.

त्यांच्या निधनाला वर्ष व्हायच्या आत, नोव्हेंबर १९७० मध्ये, इंग्लंडमधील केंब्रिज येथे फ्रेझर आणि कोडिचेक यांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. ड जीवनसत्त्व जसेच्या तसे काम करीत नाही. यकृतात त्यात एक बदल होतो आणि त्याला शेवटचे, खरे कामाचे रूप मूत्रपिंडात मिळते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांची हाडे का वाकतात, याचा मोठा उलगडा यामुळे झाला. जीवनसत्त्व आहे, पण त्याला कामाला लावणारा कारखानाच बंद आहे!

२००० साली याहून नवलाची गोष्ट कळली. हाड स्वतःच एक हार्मोन तयार करते आणि फॉस्फरस किती टाकायचा, याचा निरोप मूत्रपिंडाला धाडते. हा निरोप प्रमाणाबाहेर गेला की फॉस्फरस गळू लागतो. त्या हार्मोनला अडवणारे औषध २०१८ साली अमेरिकेत आणि युरोपात मान्य झाले. १९३७ मधल्या त्या सोळा वर्षांच्या मुलासारख्या मुलांना आता रोगाच्या मुळावरच उपचार मिळू शकतो. हे औषध अतिशय महाग आहे, ही खंत मात्र आहेच.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्याकडे ऊन काही कमी नाही. तरी भारतात मुडदूस अजून आढळतो. मुले घरात जास्त राहतात, काहींच्या आहारात दूध, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या कमी असतात. बहुतेक मुडदूस याच कारणांनी होतो आणि उपचारांनी बरा होतो. दीड-दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाकदार असणे आणि पुढे तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे थोडे जवळ येणे हेही बहुधा नैसर्गिक असते. उगाच घाबरू नये.

मात्र मूल वाढत असताना पाय अधिकाधिक वाकत असतील, उंची वर्षभरात फारशी वाढली नसेल, सतत तहान लागून लघवीला फार जावे लागत असेल, किंवा ड जीवनसत्त्वाचा ठरलेला उपचार पूर्ण करूनही फरक पडत नसेल, तर तेच औषध मनाने पुन्हा पुन्हा देऊ नका. जास्त झालेले ड जीवनसत्त्व रक्तात कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडांनाच इजा करते. डॉक्टरांना दाखवा. कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडाचे काम पाहणाऱ्या रक्त व लघवीच्या तपासण्या आज मोठ्या शहरांत सहज होतात. आणि घरातल्या आईला बोल लावण्याआधी ऑलब्राइट यांची आठवण ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. दर तीन महिन्यांनी, एकाच भिंतीशी, अनवाणी उभे राहून घरच्यांकडून आपली उंची मोजून घ्या. तारीख घालून वहीत लिहा आणि वर्षाच्या शेवटी चौकटीच्या कागदावर आलेख काढा. टाचा मात्र जमिनीवरच ठेवा! हा आलेख पुढच्या आरोग्य तपासणीला बरोबर आणा. डॉक्टरांना तो नक्कीच उपयोगी पडेल.